दिवा जवळ हवा

फेब्रुवारी लागला की मला दोन प्रकारचे फोन येतात. एक इथले, मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या ओळखीच्या मराठी घरांतले. "काकू, यंदा मिरची-वांग्याची रोपं घरीच करायची म्हणतोय, दिवा कोणता घेऊ?" दुसरे पुण्याहून. तिथे माझ्या भाच्याने, चांगली पूर्वेची बाल्कनी असताना, रोपांसाठी जांभळा उजेड पाडणारा दिवा मागवलाय आणि आता तो कुठे टांगायचा हे मला विचारतोय. दोघांना माझं उत्तर वेगळं आहे. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी भाच्याचं उरकते, कारण ते सोपं आहे. बाबा रे, तो दिवा आला तसा परत पाठव. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा असतो. दुपारच्या उघड्या उन्हात उजेड लाखभर लक्सच्या घरात जातो. संध्याकाळी दिवे लावून लख्ख वाटणाऱ्या आपल्या बैठकीच्या खोलीत तो तीन-चारशे लक्सही भरला तर नशीब. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक आपल्याला कळत नाही, रोपाला कळतो. तेव्हा बाल्कनीत सकाळचं ऊन येत असेल तिथे ट्रे ठेव, एप्रिल-मेमध्ये वर जुनं सुती पातळ नाहीतर हिरवी जाळी बांध, आणि विषय संपव. ज्यांच्या घरात ऊन अजिबातच येत नाही, समोर दुसरी इमारत छातीवर बसलेली आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी पुढचं वाचावं.

आता इथलं. टोरांटोच्या बाजूला डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा. त्यातही सूर्य क्षितिजाला धरून चालतो आणि आठवडेच्या आठवडे ढगांमागे असतो. मार्चमध्ये दिवस मोठा होतो, पण जमीन थंडच. इथली जुनी माणसं सांगतात की नाजूक रोपं व्हिक्टोरिया डेच्या आधी बाहेर लावू नयेत. तो येतो २५ मेच्या आधीच्या सोमवारी. आणि ऑक्टोबरात पुन्हा हिमकणांची भीती. म्हणजे मिरचीच्या हातात उणेपुरे चार-साडेचार महिने. बी थेट जमिनीत टाकलं तर झाड फुलावर येईतो उन्हाळा उतरणीला लागतो. म्हणून इथे रोप घरात तयार करायचं, आणि घरात उजेड नाही म्हणून दिवा. दिव्याचं कारण एवढंच. त्यात हौसेचा भाग कमी आणि अक्षांशाचा जास्त.

मग खिडकी का नको? या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या देवघरात दरवर्षी उगवतं. नवरात्रात घट बसवतो, काळ्या मातीत गहू-ज्वारी पेरतो, नऊ दिवस पाणी शिंपडतो. अंकुर वीतभर वाढतात, लांब, नाजूक आणि पिवळेधमक. दसऱ्याला पुरुष ते टोपीत खोवतात, बायका केसात माळतात. तिथे पिवळेपणच शोभेचं. पण नीट बघा: शेजारी नऊ दिवस अखंड दिवा तेवत असतो, तरीही अंकुर पिवळेच. दिवा आहे, पण त्या उजेडावर पान हिरवं होऊन पोट भरू शकेल एवढा तो नाही. दाण्यातल्या शिदोरीवर अंकुर जगतो आणि उजेड सापडेल या आशेने उंच उंच धावतो. नऊ दिवस पुरतं, पुढे मान टाकतो.

खिडकीतल्या मिरचीचं हेच होतं, फक्त थोडं सावकाश. रोप काचेकडे झुकतं, दोन पानांमधला दांडा लांबतो, बुंधा दोऱ्यासारखा राहतो. घरचे म्हणतात, "बघा किती भराभर वाढतंय!" ते वाढणं नव्हे, ती वणवण आहे. शाळेत विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचे तास माझ्याकडे यायचे (मी बी.ए., मराठीची, पण लहान शाळेत सगळ्यांना सगळं करावं लागतं). तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूने भोक पाडून आत वाटाण्याचं रोप ठेवण्याचा प्रयोग मी दरवर्षी मुलांकडून करून घेत असे. चार-पाच दिवसांत रोप भोकाकडे वळलेलं दिसे. खिडकी म्हणजे तेच खोकं, भोक जरा मोठं इतकंच.

तर दिवा. माझं मत स्पष्ट आहे: नवशिक्याने 'ग्रो लाइट' असा शिक्का असलेला महाग दिवा घेऊ नये. दुकानात, गॅरेजात लावतात तसली चार फुटी पांढऱ्या एलईडीची साधी पट्टी घ्यावी, साधारण ४० वॉटची. जांभळ्या दिव्यामागचं शास्त्र खोटं नाही. पान लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, म्हणून ते दोनच रंग दिले की वीज वाचेल असा हिशेब. पण पांढऱ्या एलईडीत हे दोन्ही रंग असतात, शिवाय हिरवाही असतो आणि पान तोही काही प्रमाणात वापरतं. आणि व्यवहारातली गोष्ट अशी, की जांभळ्या उजेडात रोप आजारी आहे की धडधाकट हे आपल्याला दिसत नाही. पान पिवळं पडलं काय, डाग आला काय, सगळं काळपट जांभळं. नव्या माणसाला निदान दिसायला तरी हवं ना! त्यातून खोक्यांवर 'हजार वॉटच्या बरोबरीचा' असलं काहीतरी छापलेलं असतं. त्या बरोबरीला अर्थ नाही. प्रत्यक्षात वीज किती वॉट खातो ते बारीक अक्षरात असतं, ते वाचा.

पण दिवा कोणता यापेक्षा तो कुठे, हे महत्त्वाचं. मी ज्या ज्या घरी पाहायला गेले तिथे दिवा छताला आणि ट्रे टेबलावर. मध्ये चार फूट हवा. स्वस्त दिवा जवळ टांगलेला हा महाग दिवा लांब टांगलेल्यापेक्षा बरा, असं मी सगळ्यांना सांगते. साधी पट्टी रोपांच्या शेंड्यापासून तीन-चार इंचांवर हवी. (तीव्र उजेडाचे मोठे पॅनल असतील तर फूटभर किंवा जास्त अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पानं करपतात, त्यांच्या कागदावर लिहिलेलं पाळा.) पट्टी साखळीने टांगावी, म्हणजे रोप वाढेल तशी एकेक कडी वर घेता येते. साखळीचा खटाटोप नको असेल तर ट्रेखाली जुनी पुस्तकं रचा आणि रोप वाढेल तसं एकेक काढत जा. आमच्याकडे नातवाचे जुने शब्दकोश या कामी आले. आता ते कुणी उघडत नाही, निदान मिरचीला उपयोग झाला.

रोज चौदा ते सोळा तास उजेड, मग अंधार. रात्रभर दिवा चालू ठेवून रोप दुप्पट वाढत नाही. दहा-बारा डॉलरचा टायमर लावा, म्हणजे लक्षात ठेवण्याची जबाबदारी यंत्राची. विजेची काळजी करणाऱ्यांसाठी गणित: ४० वॉट गुणिले १६ तास म्हणजे दिवसाला ०.६४ युनिट, आठ आठवड्यांना ३६ युनिटच्या आसपास. इथल्या दराने एका पिझ्झ्याइतकेही पैसे होत नाहीत.

रुजेपर्यंत मात्र मिरची, वांगं, टोमॅटो यांना उजेड नको, ऊब हवी. मिरचीचं बी पंचवीस-अठ्ठावीस अंशांत बरं रुजतं, आणि लोक ट्रे ठेवतात कुठे, तर थंडगार तळघरात. मग तीन आठवडे वाट पाहून बियाणंवाल्याला शिव्या. रुजेपर्यंत ट्रे घरातल्या उबदार जागी ठेवा, वरून झाकण घाला. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी झाकण काढून दिव्याखाली. तो एक दिवस महत्त्वाचा आहे, 'शनिवारी बघू' म्हणू नये.

पाण्याबद्दल थोडक्यात: कमी. माती सतत चिकचिकीत राहिली की बुरशी लागते आणि काल ताठ असलेलं रोप आज मातीलगत बारीक होऊन आडवं पडतं. आपल्याकडे याला रोपं कोलमडणं म्हणतात. पडलेलं रोप उठत नाही. वरची माती कोरडी दिसू द्यावी, मग ट्रेमध्ये खालून पाणी द्यावं, उरलेलं ओतून टाकावं. शेजारी छोटा पंखा मंद सोडला तर उत्तम. नसेल तर दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून हलका तळवा फिरवा. वाऱ्याने हलल्यासारखं होतं आणि दांडा जाड होतो. हे लाड नव्हेत, रोप खरोखर त्याला प्रतिसाद देतं.

"पण काकू, मेमध्ये रोपं विकत मिळतात की!" मिळतात, आणि चार टोमॅटो लावायचे असतील तर खुशाल विकत घ्या, मीही तेच सांगते. दिवा मांडायचा तो जे मिळत नाही त्यासाठी. आपली तिखट बारीक मिरची, भरल्या वांग्याची छोटी गोल वांगी ही रोपं इथल्या बागकामाच्या दुकानात क्वचित दिसतात. बियांची पाकिटं मात्र मिळतात, भारतीय भाज्यांची वेगळी असतात. तीच घ्या. भारतातून येताना बॅगेत पुडी आणायचा मोह सगळ्यांना होतो, पण बियाण्यांना कॅनडात नियम आहेत, विमानतळावर जाहीर करावं लागतं, आणि त्या बियांबरोबर रोग-किडी येऊ शकतात म्हणून ते नियम आहेत. कोकणातून आईच्या हातची बी म्हणून आणलेली पुडी कचऱ्यात जाताना बघणं फार वाईट. त्यापेक्षा न आणलेलं बरं.

पेरायचं कधी, तर मिरची-वांगी मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, टोमॅटो पाडव्याच्या आगेमागे. भेंडी, दोडका, काकडी यांना इतकं आधी हात लावू नका. त्यांना मुळं हललेली सोसत नाहीत, त्यांना शेवटचे तीन-चार आठवडे पुरे. आणि मोजकंच पेरा. पाकिटात पन्नास बिया आहेत म्हणून पन्नास पेरल्या की पुढे एका पट्टीखाली ती मावत नाहीत, आणि उपटून टाकायला जीव होत नाही.

एक गोष्ट मुलांना-सुनांना उद्देशून. आई-वडील हिवाळ्यात इथे आले की आपण त्यांना मऊ खुर्चीत बसवतो आणि "तुम्ही आराम करा" म्हणतो. बाहेर बर्फ, रस्त्यावर माणूस नाही, टीव्हीवरचं कळत नाही. आरामाचा किती कंटाळा येतो हे सत्तरीनंतरच कळतं. ज्या माणसाने जन्मभर सकाळी उठून काहीतरी सांभाळलं, त्याच्या ताब्यात एक ट्रे द्या. पण मग त्यात लुडबुड करू नका. टायमर त्यांनी लावावा, पाणी त्यांनी ठरवावं, दोन रोपं मेली तरी चालतील. माझ्या सुनेने हे न सांगता ओळखलं. तळघरातली पट्टी आणि चावी दोन्ही माझ्याकडे आहेत.

शेवटचा भाग बहुतेक जण घाईत उरकतात. मेमध्ये रोपं एकदम उन्हात नेऊ नका. दिव्याखाली वाढलेलं पान खऱ्या उन्हात पांढरं पडतं. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग दोन तास, मग कोवळं ऊन, असे आठ-दहा दिवस आत-बाहेर करा. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी आतच. रात्री पारा दहाच्या खाली जाणार असेल तरी आत. आणि जमिनीत लावल्यावर भोवती जाळी मारा. इथल्या खारी मिरची खात नाहीत, पण नुकतीच उकरलेली माती दिसली की त्यांना तिथेच काहीतरी पुरायचं असतं.