अटींवरची समता

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९३३ साली कमला भागवत यांना प्रवेश नाकारला. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या गुणवत्ता यादीत अग्रस्थानी होत्या; वडील आणि काका याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. त्या स्त्री आहेत, एवढेच नकाराचे कारण होते, आणि तो देणारे होते संस्थेचे संचालक, नोबेल पुरस्काराचे मानकरी सर सी. व्ही. रामन. दुर्गा भागवतांच्या या धाकट्या बहिणीने तो मुकाट्याने मानला नाही. त्यांनी रामन यांनाच जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशी तंबीही होती. वर्षभराने त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचा दरवाजा इतर मुलींनाही खुला झाला. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या संशोधिका म्हणजेच डॉ. कमला सोहोनी. नीरा आणि कडधान्यांच्या पोषणमूल्यावरचे त्यांचे काम आजही महत्त्वाचे मानले जाते.

युरोपातही हेच घडले होते. नेदरलँड्समध्ये १८७१ साली अलेटा याकोब्स या मुलीला ग्रोनिंगन विद्यापीठाच्या वर्गांत बसू दिले गेले, तेही आधी वर्षभर चाचणीपुरते. १८७९ मध्ये ती डॉक्टर झाली. १८८३ मध्ये तिने मतदार यादीत नाव घालण्याची मागणी केली, कारण कायद्यात स्त्रियांना मनाई लिहिलेली नव्हती. त्यावर १८८७ च्या राज्यघटनेत मतदार पुरुषच असेल असे स्पष्ट लिहून टाकण्यात आले. मताचा हक्क मिळायला १९१९ साल उजाडले. त्या देशाच्या सिंहासनावर १८९० पासून राणी होती, तरी विवाहित स्त्री १९५६ पर्यंत कायद्याने परावलंबी राहिली. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला करार करता येत नसे, बँकेत खाते उघडता येत नसे. लग्न झाले की सरकारी नोकरी सोडायची, हा नियम रद्द करण्याचा कॉरी टेंडेलो यांचा ठराव १९५५ मध्ये संसदेत अगदी थोड्या मतांनी मंजूर झाला.

या दोन्ही कहाण्या आपण विजयकथा म्हणून सांगतो, आणि त्या तशा आहेतही. पण स्त्रीला आत घेताना संस्थेने आपली घडी बदलली नाही. बदलावे लागले ते स्त्रीलाच. ही अट आज कोणत्याही नियमावलीत नाही, पण कामाच्या वेळा आणि घराची वाटणी पाहिली की ती टिकून असल्याचे दिसते.

नेदरलँड्सकडे पाहा. तिथे बहुसंख्य स्त्रिया कमावत्या आहेत, पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक अर्धवेळ काम करतात. कामाचे तास कमी करून मागण्याचा हक्क २००० सालच्या कायद्याने स्त्री-पुरुष दोघांनाही दिला. मूल झाल्यावर मात्र तास मुख्यतः आईच कमी करते. त्यामुळे तिची बढती मागे पडते, निवृत्तिवेतन कमी होते, आर्थिक स्वावलंबन अर्धवट राहते. समाजाने स्त्रीच्या दिवसात नोकरीला जागा करून दिली, पुरुषाच्या दिवसात घराला मात्र तेवढी दिली नाही.

आपल्याकडचे चित्र याहून कठीण आहे. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत पुरुषांचा वेळ वाढण्याऐवजी घटलाच. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मराठी जोडप्याला मूल झाले की पुण्या-कोल्हापूरहून किंवा बेळगावहून आजी येऊन राहते. आजी येऊ शकत नसेल तर बहुधा सुनेचीच नोकरी सुटते. दोन्ही वेळा भार एका स्त्रीकडून दुसरीकडे जातो, किंवा तिच्याचपाशी राहतो.

बेंगळुरूतच कपड्यांच्या कारखान्यांत मुख्यतः स्त्रियाच राबतात. २०१६ मध्ये केंद्राने भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम केला. एप्रिलमध्ये या हजारो कामगार स्त्रिया कोणा मोठ्या नेत्याच्या हाकेविना रस्त्यावर उतरल्या. दुसऱ्या दिवशी हिंसाचार झाला, तो समर्थनीय नव्हता. पण त्यांचे म्हणणे रास्त होते. शिलाई यंत्रावर शरीर थकते, पन्नाशीच्या आतच काम सुटते, आणि मुलांची फी व आजारपण याच पैशांवर भागते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे या बाईचे आयुष्य नव्हते. सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला.

तिचे आयुष्य विचारात घेतले तर काय होते, हे कर्नाटकच्या ‘शक्ती’ योजनेत दिसते. ११ जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षी स्त्रियांसाठी एसटीचे भाडे निम्मे झाले. तिजोरीवरचा भार आणि बसमधली गर्दी या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना उत्तर म्हणजे जादा बस. घरकाम करणाऱ्या बाईला तिकिटाच्या हिशेबावर काम नाकारावे लागत नाही, हा लाभ मोठा आहे.

पुढची गरज पाळणाघरे आणि वडिलांची रजा यांची आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. मात्र कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) कक्षेबाहेर रजेचा सगळा खर्च मालकावर पडतो, आणि त्यामुळे तरुण स्त्रीला नोकरी देताना तो कचरतो. नेदरलँड्समध्ये हा पगार सामाजिक विमा देतो. २०२० पासून तिथे जोडीदारालाही पाच आठवड्यांची अंशतः पगारी जादा रजा आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. कर्नाटकने ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ पाळणाघरे सुरू केली, तशी ती कारखान्यांच्या वस्त्यांतही हवीत.

रजेचा खर्च सरकार आणि मालकांनी मिळून उचलावा, वडिलांची रजा कायद्याने सर्वांना मिळावी आणि पाळणाघरांसाठी पालिकांनी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम ठेवावी. स्त्रियांनी पात्रता सिद्ध करण्याचा काळ केव्हाच सरला. आता आपल्या वेळापत्रकात आणि खर्चात किती बदल केला, याचा हिशेब संस्थांनी, सरकारांनी आणि घरातल्या पुरुषांनी द्यायचा आहे.