घरचे आरोग्य : अफू, वेदना आणि व्यसन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणगावातील कित्येक माता कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळगोळी’ देत असत. मूल निपचित पडून राही आणि घरच्यांना वाटे, बाळ शांत झोपले आहे. वस्तुतः ती गुंगी असे, आणि मात्रा किंचित अधिक झाली तर त्या गुंगीतून मूल पुन्हा जागे होत नसे. बाळगोळीचे दिवस गेले. परंतु अफूविषयीचे आपले अज्ञान मात्र सर्वस्वी गेले आहे, असे म्हणवत नाही.

खसखशीच्या बोंडाला चीर दिली असता जो चीक पाझरतो, तो वाळून अफू होते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील ठरावीक भागांत सरकारी परवान्याने हे पीक घेतले जाते. अफूपासूनच मॉर्फिन व कोडीन ही औषधे मिळतात. हेरॉइन मॉर्फिनपासून बनते. ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही कारखान्यात तयार होणारी औषधेही याच कुळातली. ही सारी द्रव्ये मेंदूवर परिणाम करून वेदना शमवितात व सुखाची भावना निर्माण करतात. त्याचबरोबर श्वासाची गतीही मंद करतात. अतिमात्रेने मृत्यू येतो तो यामुळेच.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. हे औषध काही काळ नियमित घेतले की शरीराला त्याची सवय होते. ते एकाएकी बंद केल्यास अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, झोप उडते. परंतु केवळ सवय म्हणजे व्यसन नव्हे. हानी दिसत असूनही मन त्या द्रव्याकडेच धावते, त्यावरील ताबा सुटतो, तेव्हा ते व्यसन होय. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन दिले असता ‘व्यसन लागेल’ या भीतीने ते नाकारणे, म्हणजे आपल्याच माणसाला विनाकारण यातनांत ठेवणे होय. उलट, एकासाठी दिलेली गोळी दुसऱ्याने घेणे किंवा मात्रा परस्पर वाढविणे कटाक्षाने टाळावे.

आणि व्यसन लागलेच तर? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूवर्गीय द्रव्यांमुळे मदतीची गरज असलेल्या भारतीयांची संख्या सुमारे ७७ लाख होती. अशा माणसाला कोंडून घालणे, मारझोड करणे किंवा शपथा घालणे हा उपचार नव्हे. ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ दिल्याने ओढ आटोक्यात येते आणि रुग्ण कामधंद्याला लागू शकतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असा आक्षेप काही जण घेतात. पण मधुमेही माणूस रोज औषध घेतो, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही.

सर्वांत मोठा धोका असतो तो उपचारगृहातून घरी परतल्यानंतर. काही आठवडे द्रव्य बंद राहिल्याने शरीराची सोसण्याची शक्ती उतरलेली असते. मोहाच्या एखाद्या क्षणी पूर्वीचीच मात्रा घेतली, तर तीच प्राणघातक ठरते. म्हणून ‘सुटले एकदाचे’ म्हणून निश्चिंत होऊ नये; औषध व डॉक्टरांची भेट चालूच ठेवावी.

माणूस हाका मारूनही जागा होत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, श्वास मंद आहे, ओठ निळसर पडले आहेत, अशी लक्षणे दिसताच ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी. श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे व एकटे सोडू नये. नॅलोक्सोन हे औषध वेळेवर मिळाल्यास श्वास पूर्ववत होऊ शकतो. काय घेतले हे लाजेने लपवू नये. तेवढ्याने वेळ जातो. एरवी सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत-क्रमांक आहे.

वाचकहो, घरात असा रुग्ण असेल तर त्याची लाज बाळगू नका. ज्या घराने दार लावून घेतले नाही, त्या घरी परतण्याची वाट त्याला सापडण्याची आशा अधिक असते.