आधी जमिनीखाली पाहा



आपल्या नेहरू स्टेडियमच्या नूतनीकरणाचा विषय दर काही वर्षांनी निघतो. निवडणूक जवळ आली की जरा जास्तच निघतो. नव्या गॅलऱ्या, नवे दिवे, खाली पार्किंग, वर दुकाने. अशा योजनांची रंगीत चित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि आपण ती चहाबरोबर पाहतो. विरोध करण्याचे कारण नाही. स्टेडियम साठच्या दशकातले आहे, थकले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की पहिला जेसीबी आत शिरण्यापूर्वी त्या जमिनीखाली काय काय पुरलेले आहे, याचा नकाशा नगर निगमाने जनतेसमोर ठेवावा.

हे मैदान आपल्या घरातले आहे. 1 डिसेंबर 1983 रोजी इथे वेस्ट इंडीजविरुद्ध एकदिवसीय सामना झाला, तेव्हा जेल रोड, रामबाग, नारायण बागेतली निम्मी मराठी मंडळी डबे घेऊन तिथे होती. 31 मार्च 2001 रोजी सचिनने एकदिवसीय सामन्यांतल्या 10,000 धावा इथेच पूर्ण केल्या. मधे 25 डिसेंबर 1997 चा श्रीलंकेविरुद्धचा सामनाही आठवत असेल. खेळपट्टी धोकादायक ठरली आणि 3 षटकांत खेळ आटोपला. वरून गुळगुळीत दिसणारी जमीन कशी निघेल याची खात्री आधी करून घ्यावी लागते, हे इंदूरकरांइतके कुणाला कळावे! पुढे मोठे क्रिकेट होळकर स्टेडियमकडे गेले. नेहरू स्टेडियममध्ये मतपेट्या, मतदान यंत्रे आणि मतमोजणी राहिली. म्हणजे आपले मत जिथे मोजले गेले, ती ही जागा.

आता खाली पाहू. साठ वर्षे वापरात असलेल्या स्टेडियमखाली काय असते? पिण्याच्या पाण्याची लाइन, गॅलरीखालच्या शौचालयांची ड्रेनेज, पावसाचे पाणी काढणारे नळ, मैदानाला पाणी मारण्याच्या नळ्या, विजेच्या केबल, अर्थिंग, टेलिफोनच्या जुन्या तारा, अलीकडची ऑप्टिकल फायबर, आसपासच्या रस्त्यांखाली गॅस. प्रत्येक दशकाने आपली भर घातली, जुने काढले कुणीच नाही. निकामी झालेली लाइन तिथेच सोडून शेजारी नवी टाकायची, हीच आपली रीत. त्यामुळे खोदणाऱ्याला सापडलेली केबल मेलेली की जिवंत, हे हात लावल्यावरच कळते.

इंदुरात 1978 साली नर्मदेचे पाणी आले. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांबून, घाट चढवून आणलेले हे पाणी. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावली. प्रत्येक योजनेच्या स्वतंत्र लाइनी. त्या कुठून गेल्या, हे बरेचसे जुन्या ओव्हरसियरच्या आणि फिटरच्या डोक्यात होते. ते निवृत्त झाले, काही देवाघरी गेले. नकाशा त्यांच्याबरोबर गेला.

याची किंमत या शहराने मोजली आहे. 30 मार्च 2023, रामनवमी. पटेल नगरच्या मंदिरात हवन चालू असताना जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब खचला आणि 36 माणसे गेली. डिसेंबर 2025 च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नर्मदेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. पिण्याच्या मुख्य लाइनला गळती होती, आणि त्या जागी वर पोलीस चौकीचे शौचालय बांधलेले निघाले. अनेकांचे प्राण गेले, शेकडो लोक इस्पितळात गेले. स्वच्छतेत देशात पहिला नंबर वर्षानुवर्षे आणणारे हे शहर! वरचा रस्ता आरशासारखा, आणि खाली कोणती लाइन कुणाच्या अंगावरून गेली आहे याचा पत्ता नाही.

आम्ही बँकेत साधे घरकर्ज देतानाही वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो. मागच्या तीस वर्षांत त्या जागेवर कुणाचा बोजा आहे का, ते पाहिल्याशिवाय एक रुपया सुटत नाही. कर्जदार कितीही गोड बोलला तरी नाही. मग कोट्यवधींच्या कामाला जमिनीखालच्या बोजाचा सर्च नको?

हे काम अवघडही नाही. आधी सर्व खात्यांचे जुने कागद गोळा करायचे. मग जागेवर दिसणारी चेंबर, व्हॉल्व्ह, खांब त्यांच्याशी ताडून पाहायचे. त्यानंतर यंत्राने शोध. लोखंडी नळ आणि केबल विद्युतचुंबकीय लोकेटरने सापडतात. प्लॅस्टिकचे नळ त्याने सापडत नाहीत. त्यासाठी जमिनीत लहरी सोडणारे रडार लागते. पण इथे आपल्या माळव्याची काळी माती आडवी येते. ओल्या चिकणमातीत या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात. वाळवंटात छान चालणारे यंत्र इथे पावसाळ्यात आंधळे होते. म्हणून ही पाहणी एप्रिल-मेमध्ये, जमीन तडकलेली असताना करावी. आणि शेवटी, जिथे खांबाचा पाया उतरणार तिथे हाताने खड्डा घेऊन डोळ्यांनी पाहावे. यंत्राने सांगितले म्हणून खोदले, असे चालत नाही.

अमेरिकेत खोदण्याआधी 811 या नंबरवर फोन करायचा, मग प्रत्येक कंपनीचा माणूस येऊन जमिनीवर रंग मारून जातो: विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा, ड्रेनेजला हिरवा. आपल्याकडेही मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप केंद्र सरकारने सुरू केले. बेबंद खोदाईने देशाचे दरवर्षी सुमारे 3,000 कोटींचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. पण अ‍ॅपवर ज्या लाइनीची नोंदच नाही, ती लाइन अ‍ॅप कुठून दाखवणार?

खर्चाचे म्हणाल, तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 71 कामांचा हिशेब तपासला होता. अशा पाहणीवर घातलेल्या दर डॉलरमागे सरासरी 4.62 डॉलर वाचले. आमच्या कुठल्याच मुदत ठेवीत एवढा परतावा नाही.

तरी ठेकेदाराला ही पाहणी नको असते, आणि यामागे फक्त आळस नाही. निविदेत खालचे काही लिहिलेले नसले, की अर्ध्यावर लाइन ‘निघते’, काम थांबते, आणि वाढीव बिल मंजूर होते. ज्यांनी सरकारी बिले पाहिली आहेत त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. म्हणून पाहणी ठेकेदाराकडून करवून घेऊ नये. ती निविदेआधी स्वतंत्रपणे व्हावी, आणि तिचा नकाशा निविदेला जोडलेला असावा.

2022 मध्ये निवडून आलेल्या नगर निगमाची मुदत 2027 मध्ये संपते. आपल्या वॉर्डातले पार्षद आणि इच्छुक लवकरच हात जोडून दारात येतील. स्टेडियमचा विषय त्यांनी काढला, तर नकाशा कुठे आहे, एवढे विचारावे. पक्ष कुठलाही असो.

एक काम आपल्या घरांतही आहे. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा होळकर संस्थानच्या बांधकाम खात्यात किंवा नंतर नगर निगमाच्या पाणी खात्यात होते. कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत जुने आराखडे, निळ्या छपाईचे नकाशे, मोजणीच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत आणून द्या. छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करू, आणि प्रतींचा संच निवेदनासह आयुक्तांना देऊ.