उभी बाटली आणि घरी राहिलेली बाई

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी राळेगावात एस.टी.ची वाट पाहत उभी होते. समोरच बिअर बार. दार उघडलं की आतलं हसणं, गप्पा, गाणी रस्त्यावर यायची. दिवसभर राबून माणसं दोन घटका बसली होती. याला आपल्याकडे विरंगुळा म्हणतात. शेजारी कापूस वेचून आलेली एक बाई पिशवी धरून उभी होती. नवरा आत. ती म्हणाली, “ताई, मी बी दिवसभर वावरातच होती ना? माह्या थकव्याले बसाले जागा कुठं हाय?”

कुणी प्यावं, कुणी पिऊ नये, हा नीतीचा पाठ मला द्यायचा नाही. माझा प्रश्न साधा आहे. या विरंगुळ्याचं बिल कोण भरतं? बाईची मजुरी, पोरांची वह्या-पुस्तकं, आणि रात्री तिची पाठ.

“मग दारूबंदी मागा,” असं लगेच सांगितलं जातं. वर्धा नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात बायकांच्या लढ्यानंतर २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. चोरटी दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणं दिली गेली. बायकांचं काय बुडालं, त्याचा हिशेब कुणी मांडला?

यवतमाळात बंदी नाही. इथे हाती उरते ती ‘आडवी बाटली’. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या, की पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. दुकान हवं तर उभी बाटली, नको तर आडवी. ऐकायला छान. पण खोच पुढे आहे. मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्या बायका पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त लागतात.

हिशेब करून पाहा. यादीत ८०० बायका. ५०० जणी आल्या. ३९० आडव्या बाटलीला, ११० उभीला. तरी दुकान चालूच! ४०१ हव्या होत्या. लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरी, कामासाठी परगावी गेलेल्या, मजुरी बुडेल म्हणून वावरात गेलेल्या, नवऱ्याने दाराला कडी घातलेल्या, या सगळ्या जणी उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. आमदार निवडताना हा नियम लावला असता, तर किती आमदार विधानसभेत पोचले असते?

म्हणजे पिणाऱ्याने फक्त पीत राहायचं. सह्या जमवायच्या, धमक्या ऐकायच्या, खाडा करून रांगेत उभं राहायचं ते बाईने. हा हक्क नव्हे, हक्काचा देखावा आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. पडलेल्या मतांच्या बहुमताने निकाल द्या. मतदानाआधी यादी दुरुस्त करा. मतदानाच्या दिवशी मजूर बायांना भरपगारी सुट्टी द्या. आणि सह्या करणाऱ्या बायांची नावं दुकानदाराच्या हाती पडू देऊ नका.

माझी एस.टी. आली. ती बाई मात्र तिथेच उभी राहिली, त्याला घरी न्यायचं होतं म्हणून. तिचीही ती संध्याकाळच होती.