जास्त प्रोटीन खाल्ल्याने कॅन्सर होतो का?

‘हाय-प्रोटीन डाएट सिगारेटइतकंच घातक’ असा दावा सोशल मीडियावर अधूनमधून फिरतो. त्याचं मूळ 2014 मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात आहे.

अभ्यासात काय दिसलं?
50 ते 65 वयोगटात ज्यांना 20 टक्के किंवा अधिक कॅलरी प्रोटीनमधून मिळत होत्या, त्यांना कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका कमी प्रोटीन खाणाऱ्यांच्या चौपट होता.

काय सांगितलं जात नाही?
प्रोटीन वनस्पतीजन्य असेल तर हा संबंध कमी झाला किंवा उरलाच नाही. 65 वर्षांनंतर तर चित्र उलटं होतं. शिवाय आहाराची नोंद एकाच दिवसाची होती. त्यामुळे प्रोटीनमुळेच कॅन्सर झाला, हे यातून सिद्ध होत नाही.

मग धोका कशात?
जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलं. रोज खाल्लेल्या दर 50 ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. मटण, बीफसारखं लाल मांस ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात आहे.

थोडक्यात, प्रोटीन किती यापेक्षा ते कशातून येतं, हे महत्त्वाचं. या दाव्यामुळे डाळ-उसळ कमी करण्याचं कारण नाही.