आधी लिहा, मग पाहा

पटकथा शिकायची कशी, असं विचारणाऱ्या तरुण मित्रांना आम्ही सत्यजित राय यांच्या एका छंदाबद्दल सांगतो. ‘पथेर पांचाली’ (१९५५) पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी, जाहिरात संस्थेत नोकरी करत असताना, एखाद्या कथेवर सिनेमा निघणार असं कळलं की ते स्वतःच तिची पटकथा लिहून काढत आणि नंतर सिनेमाशी ताडून पाहत.

हीच रीत आता त्यांच्याच सिनेमासाठी वापरून बघा. ‘चारुलता’ (१९६४) घ्या. आधी तो जिच्यावर बेतला आहे ती टागोरांची ‘नष्टनीड’ ही कथा वाचा. नायिका चारूचा एकटेपणा दाखवणारा, जवळजवळ संवादच नसलेला प्रसंग लिहा. मग सिनेमाची सुरुवात पाहा. रुमालावरचं भरतकाम, कपाटातलं पुस्तक, खिडकीच्या झडपांमधून दुर्बिणीने न्याहाळलेला रस्ता. तेवढ्यात पुस्तकात डोकं घातलेला तिचा नवरा भूपती तिच्या जवळून जातो, त्याला ती दिसतही नाही. आणि चारू तीच दुर्बीण नवऱ्याकडे वळवते! त्या एका कृतीत अख्खा संसार कळतो.

आपल्याला ही दुर्बीण का सुचली नाही, हा प्रश्न छळू लागला पाहिजे. नुसते संवाद घोकून तो पडत नाही, असं आमचं ठाम मत आहे. राय यांच्या कापडी बांधणीच्या वह्यांमध्ये तर संवादांच्या शेजारी दृश्यांची रेखाचित्रंही असत. लिहितानाच ते पाहत होते.

या अंकात ‘चारुलता’च्या सुरुवातीवर सविस्तर लेख आहे. तो उघडण्याआधी तुमचा प्रसंग लिहून ठेवाच.