नगरसेवकाविना मुंबई

लोकशाहीचे प्रत्यक्ष, प्रातिनिधिक, संसदीय, अध्यक्षीय असे प्रकार नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ओळीने येतात. मुंबईने त्यांतले काही वापरून पाहिले आहेत. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या बेसुमार खर्चावर करदाते संतापले, तेव्हा १८७२च्या कायद्याने ६४ सभासदांचे सभागृह आले. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८च्या कायद्याने चौकट पक्की झाली : खर्चाला मंजुरी सभागृहाची, कारभार सरकारने नेमलेल्या आयुक्ताचा. यात कामे अडत नाहीत, पण महापौराच्या वाट्याला मानाखेरीज फारसे येत नाही. उतारा म्हणून १९९८मध्ये महापौर परिषद, म्हणजे छोटे मंत्रिमंडळच, आणली गेली आणि लवकरच गुंडाळलीही.

मुंबईबाहेर, राज्यातल्या नगरपरिषदांत २०१६मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला गेला. अशा अध्यक्षाला फोडाफोडीची धास्ती नसते. मात्र सभागृहात बहुमत विरोधकांचे असले, की दोन्ही बाजू जनतेच्याच नावाने एकमेकांना अडवतात. गडचिरोलीतील मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. लालबागच्या एका प्रभागातही ते जमायचे नाही.

गिरणगावाने मात्र निराळाच प्रकार भोगला. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार ‘प्रातिनिधिक’ युनियन सभासदसंख्येच्या नोंदीवरून ठरे. गुप्त मतदान नव्हतेच. मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे आणि गिरणी कामगार मात्र संपाचे नेते दत्ता सामंत यांच्यामागे. १८ जानेवारी १९८२पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तरी वाटाघाटीचा कायदेशीर हक्क संघाकडेच राहिला. प्रतिनिधी बदलण्याची सोय नसलेले प्रतिनिधित्व किती महाग पडते, हे परळने पाहिले आहे. या अंकातील गिरणगावावरचे लेख त्या दृष्टीनेही वाचावेत.

मुंबई महापालिकेत तर पुढे प्रतिनिधीच उरले नाहीत. ७ मार्च २०२२ला सभागृहाची मुदत संपली. तेव्हापासून २०२५अखेरपर्यंत २२७ नगरसेवकांपैकी एकही पदावर नव्हता. २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडला, सरकारने नेमलेल्या प्रशासकानेच मंजूर केला. २०२५मध्ये दादरचा कबुतरखाना बंद झाला, एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाला. निर्णय बरोबर असोत वा चूक, परळकराने गाऱ्हाणे न्यावे असा निवडलेला माणूस पालिकेत नव्हता. नगरसेवक भांडतात, टक्केवारीचे आरोप होतात, हे खरेच. तरीही स्थायी समितीत आयुक्तांना चारचौघांत जाब विचारता येत असे, आणि पाच वर्षांनी विचारणाऱ्यालाही घरी बसवता येत असे. प्रशासकीय राजवटीत दोन्ही नव्हते. त्यामुळे सदोष सभागृहही तिच्यापेक्षा बरे. अखेर सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीसाठी ३१ जानेवारी २०२६ची मुदत घालून दिली होती. प्रत्येक निवडणुकीआधी वाचकांनी मतदारयादीतले आपले नाव तपासून घ्यावे.